वाचणारा अडलेला असतो

कुंभार्ली घाट उतरला की पायथ्याशी पोफळी लागतं. चिपळूण तालुक्यातलं हे गाव राज्याला ठाऊक आहे ते डोंगराच्या पोटातल्या पॉवर हाऊसमुळे. कोयनेचं पाणी खरं तर कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राकडे जायचं. धरणात अडवून, सह्याद्रीच्या आतून बोगदा काढून त्याला पश्चिमेची वाट दिली आणि १९६२ पासून ते पोफळीला टर्बाइनवर पडू लागलं. इथून ते कोळकेवाडीच्या जलाशयात जातं, तिथे पुन्हा एकदा वीज करतं आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. सगळे टप्पे धरून कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे.

अशा पॉवर हाऊसच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट करत ज्यांचे केस पांढरे झाले, असे एक अण्णा पोफळीत राहतात. निवृत्त झाले, पण रात्री दोनला जाग येते ती येतेच. त्यांची मुलगी पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि घरूनच काम करते. घरात, आळीत सगळे तिला ताई म्हणतात. आपणही ताईच म्हणू.

ताईची कंपनी एक प्लॅटफॉर्म चालवते. जगभरातले प्रोग्रामर आपला कोड त्यावर आणतात, तिथे तपासतात आणि तिथूनच आपलं अॅप लोकांसाठी सुरू करतात. हे सगळं कसं करायचं, हे सांगणारी ऑनलाइन मदत लिहिणं हे ताईचं काम. ती या कामात कच्ची नव्हती. डॅनिएल प्रोचिदा यांनी डॉक्युमेंटेशनचे जे चार प्रकार वेगळे काढलेत ते तिला पाठ होते: नवख्याला हाताला धरून शिकवणारा धडा, एखादं ठरावीक काम कसं करायचं ते सांगणारं पान, बारकावे पाहण्यासाठी संदर्भ, आणि हे असंच का याचं विवेचन. तिने चारही विभाग नीट मांडले होते. प्रत्येक कमांडचा प्रत्येक पर्याय नोंदला होता. पानं कोडबरोबरच गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात ठेवली होती, म्हणजे कोड बदलला की त्याच्याबरोबर पानही बदलता येईल. कंपनीच्या बैठकीत तिच्या कामाचं कौतुक झालं होतं.

तरीही सपोर्टच्या चॅनेलवर रोज एकच प्रश्न येई. पहिलंच अॅप चढवताना पडद्यावर ४०१ हा आकडा दिसतो आणि गाडी अडते, काय करू? उत्तर मदतीत होतं. ‘ओळख आणि अधिकार : मूलभूत संकल्पना’ या पानावर, चौथ्या परिच्छेदात. ताई रोज त्या पानाची लिंक पाठवी, खाली हसरा चेहराही टाकी आणि मनातून चरफडे. एक दिवस ती फोनवर सहकाऱ्याला म्हणाली, “एवढं सगळं लिहून ठेवलंय रे, पण लोक वाचतच नाहीत.”

पडवीत पेपर वाचणाऱ्या अण्णांनी चष्म्यावरून पाहिलं. फोन संपल्यावर त्यांनी विचारलं, “वाचत नाहीत म्हणजे कोण? तो माणूस कुठे बसलाय, किती वाजलेत आणि त्याचं काय अडलंय?”

“ते मला काय ठाऊक, अण्णा? जगात कुठेही असेल.”

“मग तू लिहिलंस कुणासाठी?”

ताईला राग आला. अण्णांना सॉफ्टवेअरमधलं काही कळत नव्हतं. मोबाइलवर फोटो पाठवायलासुद्धा ते तिलाच हाक मारत. पण प्रश्न मात्र डोक्यात राहिला, कारण त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं.

संध्याकाळी अण्णा आपणहून बोलू लागले. जलविद्युत केंद्राचं काम कोळशाच्या केंद्रासारखं दिवसरात्र एका लयीत चालत नाही. संध्याकाळी घरोघर दिवे लागले की विजेची मागणी चढते, कळव्याच्या भारप्रेषण केंद्रातून निरोप येतो आणि थोड्या मिनिटांत मशीन चालू करून ग्रिडला जोडावं लागतं. मागणी उतरली की बंद. म्हणजे चालू करण्याची क्रिया पुन्हा पुन्हा करायची, आणि दर वेळी नवीन असल्यासारखी करायची.

“मशीन बनवणाऱ्यांची जाडजूड मॅन्युअलं कपाटात असतात,” अण्णा म्हणाले. “ती लागतातच. दुरुस्तीला, सुटे भाग मागवायला, नवीन माणसाला शिकवायला. पण मशीन चालू करताना कपाट कोण उघडतो? तिथे पॅनेलजवळचा एक कागद कामाचा. त्यावर क्रमाने लिहिलेलं असतं. थंड करायचं पाणी चालू आहे का, तेलाचा दाब बरोबर आहे का, ब्रेक सुटलेत का. मग पाण्याच्या वाटेवरची मोठी झडप. आणि ती उघडण्याआधी बायपासने दोन्ही बाजूंचा दाब सारखा करून घ्यायचा.”

“आणि नाही केला तर?”

“तोच तर मुद्दा. समज, कागदावर लिहिलंय : ‘पाच, झडप उघडा.’ आणि खाली : ‘सूचना, त्याआधी दाब सारखा केलेला असावा.’ आता सांग, खालची ओळ वाचेपर्यंत हात कुठे गेलेला असेल?”

ताई गप्प राहिली. तिच्या पानांवर सगळ्या सूचना कृतीच्या खाली, करड्या रंगाच्या सुंदर चौकटीत होत्या.

“आणखी एक,” अण्णा म्हणाले. “सगळं ठीक असतं तेव्हा कागदावर नुसती नजर फिरते, हाताला सवय असते. कागद खरा वाचायची वेळ येते ती काहीतरी बिनसल्यावर. उत्तरेकडचं ग्रिड २०१२ च्या जुलैत लागोपाठ दोन दिवस कोसळलं. मुंबई १२ ऑक्टोबर २०२० ला बंद पडली. अशा वेळी बाहेरून वीज मिळत नाही. कोळशाचं केंद्र बाहेरच्या विजेशिवाय उठत नाही, पण पाण्यावरचं मशीन छोट्या डिझेल सेटवर आणि बॅटरीवर उठवता येतं आणि मग त्याच्या आधाराने बाकीचं ग्रिड. हे काम आयुष्यात एखाद्याच वेळी करायला मिळतं. फोन सतत वाजत असतात, वरचे साहेब विचारत असतात, अंगाला घाम सुटलेला असतो. त्या माणसाला तुझ्या मूलभूत संकल्पना नको असतात. त्याला पुढची एक ओळ हवी असते.”

ताईच्या वाचनात हे आलं नव्हतं असं नाही. जॉन कॅरल यांनी आयबीएममध्ये संगणक शिकणाऱ्या माणसांचा अभ्यास करून १९९० साली पुस्तक लिहिलं, त्यात हेच होतं. माणसं आधी पुस्तक वाचून मग कामाला लागत नाहीत. ती थेट कामाला हात घालतात आणि अडली की पानं चाळतात. ताईने एकदा बैठकीत हे ऐकवलंही होतं. पण अडलेल्या माणसाच्या शेजारी बसून त्याच्याकडे पाहण्याची वेळ तिच्यावर आली नव्हती.

“परीक्षा घ्यायची?” अण्णांनी विचारलं. “तुझा मावसभाऊ रविवारी येतोय चिपळूणहून. त्याला बसव. पण एक अट. तू एक अक्षर बोलायचं नाहीस.”

मावसभाऊ इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता, कोड लिहिण्यात हुशार. रविवारी मासे-भात झाल्यावर त्याला लॅपटॉप दिला आणि सांगितलं, या प्लॅटफॉर्मवर एक छोटं अॅप चढवून दाखव, मदतीची पानं आहेत. ताई त्याच्या मागे खुर्ची टाकून बसली, अण्णा दारात.

पोराने पहिलं पान उघडलं आणि झरझर खाली सरकवलं. प्लॅटफॉर्मची ओळख, त्याची वैशिष्ट्यं, रचनेची आकृती, यातलं त्याने काहीच वाचलं नाही. करड्या पार्श्वभूमीवरची पहिली कमांड दिसली तिथे थांबला, ती उचलली, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, चिकटवली. चालली. दुसरी उचलली, चालली. तिसरी टोकन सेट करण्याची होती. टोकन म्हणजे तुम्ही कोण हे प्लॅटफॉर्मला पटवणारी अक्षरांची माळ. त्याने ते सेट केलं. मग अॅप चढवण्यासाठी टर्मिनलची दुसरी खिडकी उघडली, कारण पहिलीत त्याचं अॅप चालू होतं. कमांड दिली. पडद्यावर उमटलं : ४०१.

ताई खुर्चीत पुढे सरकली. ४०१ का आला ते तिला एका क्षणात कळलं. एका खिडकीत सेट केलेलं टोकन दुसऱ्या खिडकीला माहीत नसतं. हे प्रत्येक जाणकाराला इतकं ठाऊक असतं की कृतीच्या पायऱ्यांत सांगावं असं कुणाला वाटत नाही. ती तोंड उघडणार तोच दारातून अण्णांनी हात वर केला.

पोराने कमांड पुन्हा दिली. तेच. त्याने टोकन नवं बनवलं, पहिल्या खिडकीत सेट केलं, दुसरीत चालवलं. तेच. मग त्याने मदतीच्या पानावर शोधचौकटीत पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा टाकला. उत्तरांची यादी आली, पण त्यात तो संदेश कुठेच नव्हता. ताईने त्या पानाला संकल्पनेचं नाव दिलं होतं. पडद्यावर दिसणारी ओळ तिने कुठे लिहिलीच नव्हती. पोराने तीन पानं उघडली, मिटली. कान लाल झाले. शेवटी म्हणाला, “ताई, मला हे जमत नाही गं. माझंच काहीतरी चुकतंय.”

त्या वाक्याने ताईच्या पोटात कालवलं. तो हुशार होता, त्याने सांगितलेलं सगळं केलं होतं, आणि तरीही दोष त्याने स्वतःकडे घेतला. रोज चॅनेलवर प्रश्न विचारणारे तर थोडेच. न विचारता, स्वतःला कमी समजून मुकाट्याने निघून जाणारे किती असतील, हे तिला कधी दिसलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिने लिहायला घेतलं. पहिल्या पानावरची ओळख उचलून मागे नेली. पुढे ठेवली ती अॅप चालू होईपर्यंतची सरळ वाट. प्रत्येक कमांडच्या खाली लिहिलं, आता पडद्यावर काय दिसायला हवं. सूचना कृतीच्या आधी आणल्या : ‘पुढच्या दोन्ही कमांडी एकाच खिडकीत द्या.’ अडचणींसाठी वेगळी पानं केली आणि त्यांना शीर्षकं दिली ती पडद्यावर उमटणाऱ्या ओळींचीच, म्हणजे घाबरलेला माणूस जी ओळ उचलून शोधेल तीच त्याला सापडेल. ४०१ आणि ४०३ यांतला फरक दोन वाक्यांत सांगितला : ४०१ म्हणजे तुम्ही कोण ते कळलं नाही, टोकन तपासा, ४०३ म्हणजे तुम्ही कोण ते कळलं, पण या कामाची परवानगी तुम्हाला नाही, टोकन बदलून उपयोग नाही, प्रमुखाला विचारा. दर नव्या आवृत्तीत शिळे होणारे पडद्याचे फोटो तिने बहुतेक काढून टाकले.

आणखी एक गोष्ट केली, त्यावर कंपनीत थोडी कुरकुर झाली. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची पहिली मार्गदर्शिका नोव्हेंबर १९७१ मध्ये निघाली, तेव्हा केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी तिच्यात आज्ञेच्या वर्णनाबरोबर दोषांनाही जागा ठेवली होती. या आज्ञेत काय बिघडतं, काय जमत नाही, हे लिहिणाऱ्यांनीच सांगून टाकलेलं. ताईने त्या धर्तीवर ‘हे अजून चालत नाही’ असा मथळा दिला आणि खाली खरं ते लिहिलं. विक्री विभागाला ते खटकलं. ती म्हणाली, “माणसाचा दिवस वाया गेल्यावर त्याला ते कळणारच आहे. आपण आधी सांगितलं तर निदान आपल्यावर विश्वास राहील.”

खरी लढाई मात्र पुढे होती. संदेश जर पडद्यावर येतोय, तर उत्तरही तिथेच का नसावं? तिने प्रोग्रामरांच्या प्रमुखाला म्हटलं, टोकन मुळात दिलेलंच नसेल तर ते सर्व्हरपर्यंत जाण्याआधीच ओळखता येतं. मग ४०१ दाखवण्याऐवजी लिहा : ‘या खिडकीत टोकन मिळालं नाही. सेट करण्यासाठी ही कमांड द्या.’

“संदेश तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे,” प्रमुख म्हणाला. “समजावून सांगणं हे तुझ्या डॉक्युमेंटेशनचं काम.”

“बरोबर आहे, पण उपयोगाचा नाही,” ताई म्हणाली. “जे पान वाचायची गरजच पडू नये, ते मी कशाला लिहू?” आणि मावसभावाचा तो रविवार तिने जसा घडला तसा सांगितला. प्रमुखाने पुढच्या आवृत्तीत संदेश बदलला. रोजचा प्रश्न यायचा थांबला.

ताईने ही बातमी जेवताना सांगितली. अण्णा खूश झाले. चार घास जास्त जेवले आणि अनुभवाचं मोल यावर थोडं बोललेही. आई वाढत होती. ती म्हणाली, “सगळं खरं. पण तुमची विहिरीवरची चिठ्ठी ताईला दाखवलीत का?”

विहिरीच्या पंपाशेजारी अण्णांनी स्वतःच्या हाताने लिहून, प्लॅस्टिकमध्ये घालून एक कागद लावला होता. ते बाहेरगावी गेले की पाण्याची पंचाईत होऊ नये म्हणून. ताई बॅटरी घेऊन गेली आणि वाचून आली. त्यावर होतं : ‘फूट व्हॉल्व्ह लीक असल्यास प्रायमिंग करणे. डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून स्टार्ट करणे. अँपिअर पाहून हळूहळू ओपन करणे.’

“यात चूक काय आहे?” अण्णा म्हणाले.

“चूक काही नाही,” आई म्हणाली. “फूट व्हॉल्व्ह विहिरीच्या तळाशी. तो गळतोय हे मी वरून कसं ओळखू? अँपिअर कुठे बघायचे आणि किती झाले की उघडायचं? तुम्ही बाहेरगावी असलात की दर वेळी मी तुम्हाला फोन करते, आणि तुम्ही म्हणता, सगळं लिहून ठेवलंय, वाचत का नाहीस.”

ताईला हसू आवरेना. अण्णांनी भाताकडे पाहिलं.

दोन दिवसांनी आईने पंपाच्या खोलीच्या भिंतीवर खडूने स्वतःच लिहिलं. शेजारणीलाही कामाला यावं म्हणून जरा मोठ्या अक्षरात : ‘आधी पिवळा व्हॉल्व्ह बंद करा. वरचं बूच काढून नरसाळ्याने पाणी ओता, काठोकाठ भरून बुडबुडे थांबेपर्यंत. भरतच नसेल तर पंप लावू नका, विहिरीतला व्हॉल्व्ह गळतोय, यांना फोन करा. भरलं तर बूच घट्ट लावा, मग हिरवं बटण, मग पिवळा व्हॉल्व्ह हळू उघडा. पाच मिनिटांत टाकीत पाण्याचा आवाज आला पाहिजे. नाही आला तर लाल बटण दाबा.’

अण्णांनी भिंत दोनदा वाचली. मग आपला कागद काढला, घडी करून खिशात ठेवला आणि ताईला म्हणाले, “तुझ्या कंपनीला सांग, यांना घ्या कामाला.”

आई कुठलं तंत्र शिकलेली नव्हती. तरी तिच्या सहा-सात ओळींत सगळं होतं: आधी काय करायचं, कोणत्या क्रमाने, बरोबर चाललंय हे कशावरून ओळखायचं, नाही चाललं तर कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं. कारण तिने ते पंप जाणणाऱ्याच्या जागेवरून लिहिलं नव्हतं. टाकी रिकामी, नळाला पाणी नाही आणि घरात पाहुणे, अशा वेळी पंपासमोर उभी राहिलेली बाई तिला पाठ होती. ती स्वतःच होती ती.

तात्पर्य : एखादी गोष्ट चांगली येऊ लागली की ती न येण्याचे दिवस माणूस विसरतो, म्हणून जाणकाराने लिहिलेलं बरोबर असतं आणि तरीही नवख्याला पुरत नाही. हे मुलीचं झालं आणि तिला शहाणपण शिकवणाऱ्या बापाचंही झालं. यावर उपाय एकच. तुमच्या कचेरीत, दुकानात, यंत्राशी किंवा घरात तुम्हालाच फक्त माहीत असलेलं काही असेल, तर ते आजच लिहा. लिहिलेलं अशा माणसाच्या हाती द्या ज्याला ते येत नाही. मग शेजारी बसा आणि तोंड मिटून पाहा. तो जिथे अडेल तिथे तो कमी पडलेला नसतो, तुमचं लिहिणं कमी पडलेलं असतं.